मॉरिस मायनर १००० : स्प्रिंग क्लिपा बसवल्या, वरचा होज कोरडा, खालचा मात्र चढणीला गळतो

दोनदारी, कवळे (फोंडा)

नमस्कार मंडळी. गाडी मॉरिस मायनर १०००, ९४८ सीसी, दोन दारांची. आजोबांनी १९६० साली घेतलेली. तिचं पोर्तुगीज लिव्रेत (नोंदणीचं पुस्तक) अजून आईच्या कपाटात शालूच्या घडीखाली आहे आणि आई ते कुणाला हात लावू देत नाही. रोज नाही चालवत. आठवड्याचा बाजार आणि सोमवारी मंगेशी, एवढं काम ती निमूट करते.

दुखणं असं. गेल्या वर्षापर्यंत दोन्ही होजना (रेडिएटर आणि इंजिन जोडणाऱ्या रबरी नळ्यांना) पट्टीच्या, स्क्रूने आवळायच्या क्लिपा होत्या. रोज सकाळी गाडीखाली रुपयाएवढा ओला डाग दिसायचा. गाडी तापली की गळती बंद, रात्रीत थंड झाली की पुन्हा डाग. मी दर पंधरवड्याला अर्धा आटा आवळत गेलो. मार्चमध्ये बघतो तर पट्टीच्या खाचांतून रबर शेवयांसारखं वर आलेलं. आणखी आवळायला जागा राहिली नव्हती.

भाचा वेर्ण्याला वर्कशॉपमध्ये आहे. तो म्हणाला, "मामा, आताच्या गाड्यांना स्क्रूची क्लिप कुठे बघितलीस? स्प्रिंगची लाव, एकदा लावली की विसर." मग मुंबईहून नवे होज मागवले. वरचा आला, खालचा त्यांच्याकडे संपलेला होता म्हणून दुसऱ्या दुकानातून घेतला. क्लिपा आमच्या जवळच्या गराजच्या पत्र्याच्या डब्यातल्या, जुन्या मारुतींच्या काढलेल्या. तिथल्या मेस्ताने (मेकॅनिकने) चार निवडून दिल्या, पैसे घेतले नाहीत.

रविवारी बसवलं. पाणी काढलं, जुने होज ओढून काढले, नवे घातले, पक्कडीने क्लिपा सरकवल्या. इंजिन अर्धा तास उभ्या उभ्या चालवलं. टिपूस नाही. मंडळी भलतीच खूश, म्हणून फेरफटका काढला. फर्मागुडीची चढण चढून मर्दोळला उतरलो, हिला जाईच्या फुलांचा फाती (गजरा) घ्यायचा होता. बॉनेटखालून गोडसर वास आला. मायनरला तापमानाचा काटा नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, वास हाच आमचा काटा. उघडून बघितलं तर खालच्या होजच्या रेडिएटरकडच्या टोकाला थेंब धरलेला, पडतोय, पुन्हा धरतोय. वरचा होज दोन्हीकडे खडखडीत कोरडा.

आता क्लिप कमजोर निघाली, की स्प्रिंग क्लिपच या गाडीला चालत नाही? स्क्रूची परत लावू का? चवथीला तीन आठवडे आहेत, वाळपईला मूळ घरी जायचं आहे आणि सगळे म्हणतात गाडी आणलीच पाहिजे.

रात्रपाळी

शेलॅक (लाखेचा चिकट लेप) लावा आतून आणि एका टोकाला दोन क्लिपा शेजारी शेजारी. आमच्या ट्रकला असंच करतो.

दोनदारी

दुसरी क्लिप बसायला नळी, म्हणजे होज जिच्यावर चढतो ती, तेवढी लांब नाही हो. जेमतेम एका क्लिपेची जागा आहे.

पक्कड_आजोबा, म्हापसा

दोनदारी बाब, शेलॅक नको. पुढच्या वेळी होज काढणाराला नळीसकट काढावा लागेल. मी एकेचाळीस वर्षं गराज चालवलं, आता मुलगा चालवतो आणि मी बाकड्यावर बसून त्याच्या चुका मोजतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो, वेळ भरपूर आहे.

क्लिपेला दोष देण्याआधी एक बघा. गाडी थंड असताना खालच्या क्लिपेच्या दोन कानांमधलं अंतर डोळ्यात भरून घ्या. मग डब्यातली तशीच मोकळी क्लिप टेबलावर ठेवा. स्प्रिंग क्लिपेचे कान दाबले की ती उघडते, सोडले की कान लांब जातात आणि ती मिटते. होजवर बसलेल्या क्लिपेचे कान मोकळ्या क्लिपेपेक्षा जवळ असले पाहिजेत. टेबलावर जेवढे लांब, होजवरही तेवढेच लांब असतील तर ती क्लिप होजला दाबत नाही, नुसती बांगडीसारखी अडकली आहे. उभ्या गाडीत तेवढं पुरतं. चढणीला पाणी तापलं, दाब आला, की थेंब सुटतो.

तुम्ही लिहिलंय दोन होज दोन दुकानांतले. माझा संशय तिथेच. आतलं माप दोघांचं सारखं असतं, जाडी सारखी नसते. स्क्रूच्या क्लिपेला ते चालून जातं, कारण ती आवळाल तेवढी येते. स्प्रिंगच्या क्लिपेला ठरलेलं माप लागतं. आणि ते माप दुकानाच्या काउंटरवर होज हातात धरून घ्यायचं नसतं. नळीवर चढला की होज ताणून फुगतो, तेव्हा बाहेरून मोजायचं. व्हर्नियर नसेल तर शिवणाचा दोरा एक वेढा घाला, पेनने खूण करा, पट्टीवर मोजा, ३.१४ ने भागा. क्लिप मोकळी असताना आतून या मापापेक्षा दोनतीन मिलिमीटर तरी लहान हवी.

दुसरं, जुने होज तुम्ही "ओढून काढले" म्हणता. इथे मला धडकी भरली. मायनरचा रेडिएटर पितळ-तांब्याचा, नळ्या झाळून लावलेल्या. जुना होज नळीला चिकटलेला असतो. तो पकडून पिळला की झाळ तडकते, नाहीतर नळी अंड्यासारखी होते. होज जायचाच आहे तर त्याची दया कशाला? ब्लेडने लांबीत चीर द्या, पण पात्याचं टोक पितळेला लागू देऊ नका, आणि केळ्याच्या सालीसारखा सोला.

होज निघाला की नळी बघा. पांढरट-हिरवट खडू जमलेला असतो, तो बारीक पॉलिश पेपरने गोल गोल फिरवून काढा. लांबीत घासू नका, लांबीतला ओरखडा म्हणजे पाण्याला पाट काढून दिल्यासारखं. मग डोळे मिटून अंगठ्याचं नख नळीवरून फिरवा. डोळ्याला न दिसणारं नखाला लागतं.

बसवताना क्लिपा आधी होजवर ओवून ठेवा. हसू नका, होज दोन्हीकडे चढवून झाल्यावर क्लिप हातात राहिलेले मी मोजून थकलो. आत ग्रीस किंवा तेल लावायचं नाही. हे रबर बहुतेक ईपीडीएम जातीचं कृत्रिम रबर असतं, तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी किंवा कूलंटचं बोट पुरे. नळीच्या तोंडाशी जो उंच काठ असतो, त्याच्या पलीकडे क्लिप बसली पाहिजे. काठावर बसली तर दोनचार दिवसांनी घसरून खाली येते. होजच्या कडेपासून तीनचार मिलिमीटर आत ठेवा. कान अशा बाजूला की उद्या पक्कड शिरेल, पण पंख्याकडे नाही.

आणि चष्मा लावा. कुठलाही चालेल. चोर्ला घाटात एका गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यात दुरुस्त करताना साध्या पक्कडीतून कान सटकला आणि क्लिप माझ्या चष्म्याच्या काचेवर बसली. काच गेली, डोळा राहिला. तो चष्मा मी फेकला नाही, गराजात खिळ्याला टांगलाय, नवीन पोरांना दाखवायला. जमलं तर दातांना आडवी खाच असलेली, अडकून राहणारी पक्कड घ्या. कान दाबून लॉक करायचे आणि दोन्ही हात मोकळे.

खाडीकाठ

पक्कड आजोबांच्या बोलण्याला जोड म्हणून लिहितो, मी कारखान्यात पाइपलाइनच्या कामात होतो. दोनदारींना सकाळी जो डाग दिसायचा त्याचं कारण साधं आहे. इंजिन गरम असताना रबर आणि धातू दोन्ही फुगतात आणि एकमेकांवर दाबले जातात. स्क्रूच्या पट्टीचा घेर मात्र ठरलेला, त्यामुळे मधलं रबर चेपतं. रात्री सगळं आकसलं की चेपलेलं रबर पूर्ण परत येत नाही, पट्टीही मागे येत नाही, आणि केसाएवढी फट राहते. तुम्ही आवळता, रबर आणखी चेपतं, फट पुन्हा होते. स्प्रिंगची क्लिप रबराच्या मागोमाग मिटत जाते, तिचा उपयोग एवढाच.

पण स्क्रूच्या क्लिपेला वाईट म्हणू नका. ही क्लिप १९२१ साली ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन नावाच्या कमांडरने पेटंट केली आणि तेव्हापासून अर्ध्या जगाचं पाणी तिने धरून ठेवलंय. जुन्या ब्रिटिश गाडीला तीच शोभते, असं माझं मत. पट्टी रुंद, कडा वळवलेली, आतून खाचा नसलेली अशी चांगली घ्या, नवा होज बसवल्यावर दोनतीन वेळा गरम-थंड होऊ द्या आणि एकदाच आवळा. दर पंधरवड्याला नाही.

पक्कड_आजोबा

खाडीकाठ, शोभेचं तुम्ही बघा. रस्त्यात रात्री नऊ वाजता फोन मला येतो. एकदाच आवळणारा माणूस मी अजून बघितला नाही.

सांज_सवारी

एवढं कशाला? गोव्यात थंडी आहे कुठे? थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाका, इंजिन गार राहील, दाबच येणार नाही. माझ्या दुसऱ्या गाडीचा काढलाय.

पक्कड_आजोबा

नको नको. मायनरच्या इंजिनाला हेडपासून वॉटर पंपापर्यंत एक आखूड बायपास होज असतो, बोटाच्या दोन पेरांएवढा. थर्मोस्टॅट उघडला की त्याची थाळी पाण्याची वाट आवरून धरते. नुसता काढून टाकला तर पाणी रेडिएटरकडे भसाभस पळतं, मागच्या सिलिंडरांभोवती हवं तसं फिरत नाही. ज्यांना काढायचाच असतो ते त्याच्या जागी एक आंधळी रिंग बसवतात. आपल्याला काय करायचंय? ७४ अंशांचा मिळतो, ८२ चा मिळतो, गोव्याला ७४ चा लावा आणि गप्प बसा. आणि दाब वाईट नसतो हो. मायनरच्या रेडिएटरच्या टोपीवर ७ लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस इंचाला सात पौंड दाब धरणारी. त्या दाबाला पाणी ११० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. दाब गेला तर शंभरालाच उकळेल, मग उसगावच्या पुढे चहा करत बसा.

दोनदारी, बरी आठवण झाली. तो बायपास होज बदलला का? सगळे वरचा-खालचा बदलतात आणि त्या बिचाऱ्याला विसरतात, कारण पंप न काढता तिथे हात जात नाही. गाडी थंड असताना दोन बोटांत धरून दाबा. कडक झालाय, फुगलाय, की चिरा दिसतायत ते कळवा. हे होज आतून, टोकांपाशी आधी जातात. बाहेरून चकचकीत दिसतात, त्याच्यावर जाऊ नका.

दोनदारी

आजोबा, आज सुट्टी होती, सकाळपासून बॉनेटखाली आहे. तुमचा एकेक शब्द खरा निघाला, म्हणून क्रमाने नाही, सुचेल तसं लिहितो.

कान आधी बघितले. खालच्या क्लिपेचे कान आणि डब्यातल्या मोकळ्या क्लिपेचे कान, मी मध्ये आगपेटी धरून बघितली. दोन्हीकडे आगपेटी आडवी सरळ जाते. वरच्या होजच्या क्लिपेत ती आडवी जातच नाही, उभी धरावी लागते. म्हणजे वरची दाबत होती, खालची नुसती बसली होती.

मग दोरा. हिच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा. वरच्या होजला १२९ मिलिमीटर, म्हणजे ४१ च्या आसपास. खालच्याला १२२, म्हणजे ३९ पण पूर्ण नाही. दोन मिलिमीटरसाठी ही सगळी रड. मेस्ताने चारही क्लिपा एकाच मापाच्या निवडल्या होत्या, त्यात त्याचं काय चुकलं, मीच होज दाखवायला नेले नव्हते.

खालचा होज काढला. नवाच असल्यामुळे पिळावा लागला नाही, सुटून आला. आता नख. नळीच्या खालच्या बाजूला, घड्याळात साडेपाच वाजतात तिथे, नख अडकलं. झाळाचा एक थेंब, ज्वारीच्या दाण्याएवढा, नळीवर ओघळून गोठलेला. रेडिएटर कधीतरी झाळून आणलाय, बहुतेक बाबांच्या काळात, आणि झाळणाऱ्याने तो पुसला नाही. थेंब नेमका तिथेच धरत होता. वर्षानुवर्षं सकाळचा डागही तिथलाच असणार, मी मात्र वरून स्क्रू आवळत होतो. बारीक कानशीने एकाच बाजूने हलका हात मारला, मग पॉलिश पेपर गोल फिरवला. भाचा म्हणाला ग्राइंडर आणू का, त्याला पेज जेवायला आत पाठवला.

क्लिपांसाठी मडगावला गेलो, होजचा तुकडा नाही, दोऱ्याचा तुकडा खिशात घेऊन. दुकानदाराने आधी मला वेड्यात काढलं, मग दोरा त्याच्या पट्टीवर ठेवला, दोन लहान क्लिपा काढून दिल्या. आता खालच्या कानांतही आगपेटी उभीच जाते.

बायपास होज. आजोबा, तो दाबला तर दगड. एका बाजूला फोडासारखी गाठ आली होती. पंप काढायचा धीर होईना. नागमोडी घड्यांचा, बाजासारखा दाबून घालता येतो तसा होज मिळतो असं भाच्याने शोधून काढलं, तो होजच्याच दुकानातून आला होता, माझ्या ध्यानात नव्हता, पार्सलमध्येच पडून होता. जुना ब्लेडने कापून तुकडे तुकडे करून काढला. नवा साबणाच्या पाण्यात बुडवला, दाबून आखूड केला आणि मध्ये शिरवला. हे एक वाक्यात लिहिलं, प्रत्यक्षात दीड तास आणि दोन बोटांची सालं गेली. त्याला मात्र मी छोट्या स्क्रूच्या क्लिपा लावल्यात, स्प्रिंगच्या क्लिपेचे कान दाबायला तिथे पक्कडच शिरत नाही. खाडीकाठ, खूश का?

इंजिनाच्या अंगाचा नळ उघडला तेव्हा पाणी आलं नाही, चोंदलेला. तारेने टोचलं तर आधी तांबडा चिखल आला, मग पाणी. अंगणातल्या चिऱ्याच्या धुळीसारखा रंग. तीनदा धुतलं. कूलंट इन्व्हर्टरच्या बॅटरीला घालतो त्या डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरलं.

खाडीकाठ

खूश. काढलेलं जुनं कूलंट कुठे आहे? ताटलीत उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं पितात आणि वाचत नाहीत.

दोनदारी

झाकणाच्या डब्यात भरून भाच्याच्या वर्कशॉपला दिलं. दारात दोन कुत्री आणि एक शेजाऱ्याची मांजर आहे, ते डोक्यात होतंच.

काल संध्याकाळी फर्मागुडी दोनदा चढलो. दुसऱ्यांदा मुद्दाम मागे चार माणसं बसवून. मर्दोळला थांबून बॉनेट उघडलं, फुलवाल्या बाईने विचारलं, "परत बिघडली?" सगळ्या जोडांवरून कोरडा कागद फिरवला, कागद कोरडाच. रात्री गाडीखाली जुना पेपर पसरून ठेवला. सकाळी होजांखाली काही नाही. पण डाव्या बाजूला, रेडिएटरच्या तोंडाकडून जी बारीक नळी खाली सोडलेली असते तिच्याखाली चांगला वाटीभर डाग. आता हे नवीन काय?

पक्कड_आजोबा

रेडिएटर कुठवर भरला होता?

दोनदारी

तोंडापर्यंत. काठोकाठ.

पक्कड_आजोबा

मग बरोबर. मायनरला जादा पाणी झेलणारी बाजूची बाटली नाही. पाणी तापून फुगलं की जायला ती एकच नळी. थंड असताना तोंडापासून इंचभर खाली ठेवायचं. उद्या टोपी उघडून बघा, तेवढंच खाली गेलेलं असेल. वरून ओतू नका. वाळपईला निघायच्या आदल्या रात्री पुन्हा पेपर पसरा आणि सकाळी मला फोटो टाका.